कोपऱ्यातला जांभळा उजेड डार्क वजा करूनही जात नाही

शततारका

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतेय.

लक्ष्य अश्वमुखी तेजोमेघ. जुना डीएसएलआर आहे, सेन्सरपुढचा फिल्टर काढून घेतलेला, दुर्बिणीला थेट जोडलेला. आयएसओ १६००, प्रत्येकी २४० सेकंदांच्या ६० लाइट फ्रेम्स (प्रत्यक्ष आकाशाचे फोटो), म्हणजे एकूण ४ तास. मेरिडियन फ्लिप (लक्ष्य आकाशाचा मध्य ओलांडून पश्चिमेकडे गेलं की दुर्बीण तिच्या स्टँडच्या, म्हणजे माउंटच्या, दुसऱ्या बाजूला घेणं) साधारण मध्यावर झाला. सगळं उरकल्यावर कॅमेरा न हलवता दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, त्याच आयएसओच्या २० डार्क (लाइट्समधून वजा करायच्या काळ्या फ्रेम्स) घेतल्या. फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या, भागाकारासाठी) आणि बायसही (अगदी क्षणभराच्या काळ्या फ्रेम्स) आहेत.

सगळ्या फ्रेम्स एकावर एक रचून (स्टॅक) अंधुक भाग उजळला (स्ट्रेच) की वरच्या उजव्या कोपऱ्यात जांभळट उजेड दिसतो. कडेला दाट, आत येता येता विरत जाणारा. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे समोरच्या, खालच्या डाव्या कोपऱ्यात त्याच आकाराचा काळपट डाग आहे, किंचित हिरवट झाक असलेला. डार्क वजा केल्या नाहीत तर हा डाग नसतो, पण मग उजेड दोन्ही कोपऱ्यांत दिसतो!

व्ह्यूफाइंडरला झाकण लावून झालं, मागची स्क्रीन बंद ठेवली, माउंटवरचे सगळे एलईडी काळ्या टेपने झाकले. पार्श्वभूमी सपाट करणारं टूल चालवलं तर कोपरा सुधारला, पण तेजोमेघाच्या मागची पुसट लालीही त्याच्याबरोबर गेली.

सेन्सर गेला की काय?

रात्रपाळी

सेन्सर ठणठणीत आहे, काळजी नको. हा अ‍ॅम्प ग्लो. म्हणजे सेन्सरच्या आतल्याच मंडळांचा उजेड, जुन्या कॅमेऱ्यांत सर्रास असतो. निकॉन डी७० (२००४) तर त्या जांभळ्या कोपऱ्यासाठी प्रसिद्धच होता. डार्क वजा करा, जाईल.

शततारका

> डार्क वजा करा, जाईल.

अहो, शीर्षक तरी वाचा की :)

रात्रपाळी

वाचलं. मान्य. गप्प बसतो आणि बघतो.

गुरुत्वमध्य

स्टॅकवरून निदान करू नका. स्टॅक म्हणजे सगळ्या चुकांची सरासरी असते, त्यात कुठली चूक कोणाची ते कळत नाही. एक कच्ची लाइट फ्रेम घ्या फ्लिपच्या आधीची, एक फ्लिपनंतरची आणि एक डार्क. काहीही वजा करू नका, काही भागू नका, तिन्हींना सारखाच स्ट्रेच द्या आणि उजेड कुठल्या कोपऱ्यात आहे तेवढं सांगा.

कारण असं : अ‍ॅम्प ग्लो सेन्सरच्या पोटात जन्मतो, त्यामुळे त्याची जागा बदलत नाही. दुर्बीण कुठेही रोखा, तो त्याच कोपऱ्यात राहणार. शहराच्या उजेडाचा ग्रेडियंट (एका बाजूकडे वाढत जाणारा उजेड) मात्र क्षितिजाच्या दिशेने कलतो आणि रात्रभरात सरकतो. फोकसरच्या फटीतून उजेड येत असेल तर तो जवळच्या दिव्याच्या दिशेवर अवलंबून असतो. जागा कळली की अर्धं काम झालं.

शततारका

केलं. फ्लिपआधीच्या फ्रेममध्ये वर उजवीकडे. फ्लिपनंतरच्या फ्रेममध्ये खाली डावीकडे. डार्कमध्ये खाली डावीकडे.

म्हणजे जागा बदलते. मग हा अ‍ॅम्प ग्लो नव्हेच का?

नवखा_निरीक्षक

मग सरळ आहे ना, बाहेरून कुठून तरी उजेड येतोय. फ्लिपनंतर दुर्बीण दुसऱ्या बाजूला गेली, उजेडही दुसऱ्या कोपऱ्यात गेला.

गुरुत्वमध्य

वरवर तसंच दिसतंय. पण झाकण लावून घेतलेल्या डार्कमध्येही उजेड आहे, ते कसं? झाकणातून गळती असू शकते, हे खरं. फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याला अवरक्त दिसतं आणि काही काळी प्लॅस्टिकची झाकणं आपल्या डोळ्यांना ठार काळी वाटली तरी अवरक्ताला बऱ्यापैकी पारदर्शक असतात. तेव्हा आता घरात चाचणी करा. कॅमेरा दुर्बिणीवरून काढा, बॉडी कॅप लावा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर गुंडाळा, व्ह्यूफाइंडरही फॉइलने झाका आणि बंद कपाटात ठेवून ३०, ६०, १२० आणि २४० सेकंदांची एकेक फ्रेम घ्या. एवढं करूनही उजेड दिसला आणि वेळेच्या प्रमाणात वाढत गेला तर तो आतलाच.

शततारका

आता मात्र हसावं की रडावं कळत नाहीये. कपाटात, फॉइलमध्ये, सपाट फळीवर सरळ ठेवलेला कॅमेरा. ३० सेकंदांना जेमतेम चाहूल, ६० ला दिसतो, १२० ला स्पष्ट, २४० ला त्याच्या दुप्पट. म्हणजे आतला.

पण तो आहे वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिसरा कोपरा!

रात्रपाळी

चौथा राहिलाय फक्त. तोही येईल.

सिलिकॉनवाला

उशिरा आलो, पण धागा रंगलाय. कोपरे फिरतात कसे ते मला अजून कळलेलं नाही. मात्र उजेड आतलाच आहे याबद्दल शंका नको. फॉइलच्या चाचणीने ते सिद्ध झालंच, शिवाय त्याचा रंगही तेच सांगतो.

सेन्सरच्या कडेला पिक्सेलमधला विद्युतभार वाचणारी मंडळं असतात. त्यांच्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहत असताना काही इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात की त्यांची जास्तीची ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. त्यातला बराचसा भाग अवरक्ताच्या जवळचा असतो. सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतं, पण त्या टोकाला फार हळूहळू शोषतं. त्यामुळे हा प्रकाश चिपच्या आतल्या आत आडवा दूरवर पसरतो आणि वाटेतल्या पिक्सेलमध्ये जमा होत जातो. म्हणून कडेला दाट, आत विरळ. जोडीला त्या मंडळांची नुसती उष्णताही असते, तिने त्या कोपऱ्यातला डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने साचणारा विद्युतभार) वाढतो.

आता रंगाचं. हा प्रकाश पुढून येत नाही, त्यामुळे पिक्सेलवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून जाण्याचा प्रश्नच येत नाही. तिन्ही रंगांचे पिक्सेल सारखेच भरतात. मग व्हाइट बॅलन्स लागू होतो. त्यात लाल साधारण दुपटीने आणि निळा दीडपटीने वाढवला जातो, हिरवा आहे तसा राहतो. लाल आणि निळा वाढला, हिरवा मागे राहिला, की झाला जांभळा. (फिल्टर काढल्यामुळे हे झालं का, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो : नाही. फिल्टर सेन्सरच्या पुढे असतो, हा उजेड सेन्सरच्या आत.)

आणि म्हणूनच मला त्या हिरवट डागात जास्त रस आहे. जिथे जांभळं नव्हतंच तिथून जांभळं वजा केलं तर उरतं काय? हिरवट काळं. शततारका, तुमच्या फ्रेममधल्या चुकीच्या कोपऱ्यातून कुणीतरी ग्लो वजा केलाय.

अंधारकोठडी

सिलिकॉनवाल्यांनी नाडी पकडली. मला एकच प्रश्न आहे.

शततारका, फ्लिपआधीची आणि फ्लिपनंतरची कच्ची फ्रेम शेजारी शेजारी उघडल्यावर घोड्याचं तोंड दोन्हींत एकाच बाजूला दिसतं का?

शततारका

हो, एकाच बाजूला. दोन्ही फ्रेम्स उभ्या, घोडा सारखाच. उलट मला तेव्हा बरं वाटलं होतं, स्टॅकिंगला सोपं जाईल म्हणून.

अंधारकोठडी

इथेच ग्यानबाची मेख आहे.

मेरिडियन फ्लिपमध्ये दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि कॅमेरा आकाशाच्या संदर्भात १८० अंशांनी फिरतो. सेन्सरने जसं टिपलं तसं पाहिलं तर फ्लिपनंतरची फ्रेम आधीच्या तुलनेत उलटी दिसलीच पाहिजे. तुम्हाला दोन्ही सुलट दिसतात, याचा अर्थ मधे कोणीतरी चित्र फिरवतंय.

तो कोणी म्हणजे कॅमेऱ्याचं ऑटो रोटेट. कॅमेऱ्यातला कल मोजणारा संवेदक प्रत्येक फ्रेमच्या एक्झिफमध्ये (फाइलसोबतच्या माहितीत) दिशेचा टॅग लिहितो. आडव्या फ्रेमला १, एका अंगावर उभ्या धरलेल्या कॅमेऱ्याला ६, दुसऱ्या अंगावर उभ्या धरलेल्याला ८. रॉ फाइलमधला डेटा सेन्सरच्याच क्रमाने असतो, पण काही सॉफ्टवेअर फाइल उघडताना हा टॅग पाळतात. ६ ला घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवतात, ८ ला उलट दिशेने ९०.

आता तुमचे कोपरे लावून बघा. ग्लो सेन्सरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे कपाटात दिसला तिथे. टॅग ६ ने फिरवला की तो जातो वर उजवीकडे. टॅग ८ ने फिरवला की खाली डावीकडे. तिन्ही कोपऱ्यांचा हिशोब लागला. ग्लो एकाच जागी आहे, फिरतंय ते चित्र.

डार्क तुम्ही रात्रीच्या शेवटी, फ्लिपनंतरच्या स्थितीतच घेतल्या. त्यांना ८ लागला असणार. फ्लिपनंतरच्या लाइट्सही ८, त्यामुळे तिथे वजाबाकी बरोबर झाली. फ्लिपआधीच्या लाइट्स ६. त्यांच्या वर उजवीकडच्या ग्लोला डार्कने हातच लावला नाही आणि खाली डावीकडे जिथे काही नव्हतं तिथे ग्लो वजा झाला. लांबी-रुंदी दोन्हींची सारखीच, त्यामुळे सॉफ्टवेअरने तक्रारही केली नाही. एखादी डार्क आडवी असती तर माप जुळत नाही म्हणून ओरडलं असतं आणि तुम्हाला तेव्हाच कळलं असतं.

एक्झिफ तपासून सांगा.

गुरुत्वमध्य

पटलं. चोख. ग्लोची जागा बदलत नाही असं मी म्हणालो ते सेन्सरबद्दल खरं आहे, स्क्रीनबद्दल नाही. यापुढे हा प्रश्न विचारताना "एक्झिफ न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून" एवढी पुरवणी जोडावी लागणार.

एक भर घालतो. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलेला असेल तर त्या संवेदकाला उभं-आडवं काही समजत नाही, तो शेवटचाच टॅग पुढे चालवतो किंवा अधूनमधून बदलतो. अशा वेळी एकाच रात्रीत ६ आणि १ ची खिचडी होते.

नवखा_निरीक्षक

पण फ्लॅटचंही तेच झालं असणार ना? फ्लॅटही चुकीच्या बाजूने लागले असतील.

अंधारकोठडी

उत्तम प्रश्न. हो, झालं असणार. फ्लॅट फिरला की सेन्सरवरच्या धुळीचं वर्तुळ एका जागी तसंच राहतं आणि समोरच्या जागी उजळ वर्तुळ उमटतं. व्हिनेटिंग (कडांकडे उजेड कमी होणं) साधारण गोल आणि मध्यभागी असल्याने ते मात्र १८० अंशांत फिरवलं तरी फारसं बिघडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. तुमच्या स्टॅकमध्ये जोडीजोडीने काळी-पांढरी वर्तुळं आहेत का, शततारका?

शततारका

आहेत!! मी ती तारे जुळवण्यातली गडबड समजत होते.

एक्झिफ पाहिलं. फ्लिपआधीच्या सगळ्या लाइट्स ६. फ्लिपनंतरच्या ८, डार्क ८, फ्लॅट ८. बायस पण ८, पण त्याने काही फरक पडत नसावा.

फायलींच्या प्रती काढून सगळ्यांचा टॅग १ केला आणि पहिल्यापासून कॅलिब्रेट केलं. आता फ्लिपनंतरच्या फ्रेम्स उलट्या दिसतात, स्टॅकिंगच्या वेळी सॉफ्टवेअर त्या आपोआप सुलट करतं. हिरवा डाग गेला. जांभळा उजेड गेला. वर्तुळंही गेली.

दोन गोष्टी मात्र उरल्यात. एक, जिथे ग्लो होता ते दोन्ही कोपरे उरलेल्या चित्रापेक्षा खरखरीत दिसतात, रंगीत दाणे दाणे. दोन, सुरुवातीच्या तासाभराच्या फ्रेम्समध्ये हॉट पिक्सेल (अंधारातही चमकणारे ठिपके) पुरते गेलेले नाहीत.

आणि अंधारकोठडी, तुम्हाला कोपऱ्यापासून साष्टांग नमस्कार.

रात्रपाळी

धाग्याचं सार्थक झालं. कॅमेऱ्यात ऑटो रोटेट बंद करून टाका आता. आकाशाच्या फोटोत त्याचा उपयोग शून्य.

सिलिकॉनवाला

खरखरीबद्दल. ती जाणार नाही, आणि त्यात वजाबाकीचा दोष नाही.

डार्क वजा केली की ग्लोची *सरासरी* जाते. पण ग्लोसुद्धा प्रकाशच, एकेक इलेक्ट्रॉन करत जमा झालेला, त्याला स्वतःचा शॉट नॉइझ (मोजणीतला आपोआप येणारा चढउतार) असतो. समजा आकाशाच्या पार्श्वभूमीचे ४०० इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांचा नॉइझ वर्गमुळाइतका, म्हणजे २०. कोपऱ्यात त्यावर ग्लोचे ९०० आले. एकूण १३००, नॉइझ ३६. डार्कने ९०० वजा केले, पार्श्वभूमी पुन्हा ४०० वर आली, दिसायला सपाट झाली. नॉइझ मात्र ३६ चा ३६. मध्यभागी २०, कोपऱ्यात ३६. तुमचे दाणे ते हेच.

पुढे डार्कची संख्या. ग्लोच्या ९०० चा एका डार्कमधला नॉइझ ३०. २० डार्कच्या मास्टरमध्ये (सरासरी डार्कमध्ये) तो ३० भागिले वर्गमूळ २०, म्हणजे ६.७ इतका उरतो. तुमच्या ६० लाइट्सचा कोपऱ्यातला ३६ चा नॉइझ स्टॅकमध्ये येतो ४.७ वर. म्हणजे मास्टर डार्कचाच नॉइझ लाइट्सपेक्षा जास्त! आणि तोच मास्टर प्रत्येक लाइटमधून वजा होतो, त्यामुळे फ्रेम्स न सरकवता घेतल्या असतील तर तो स्टॅकमध्ये कमीच होत नाही. (रीड नॉइझ, म्हणजे फ्रेम वाचताना येणारी खरखर, सोडून दिलाय, चित्र बदलत नाही.)

डिथरिंग, म्हणजे दर काही फ्रेम्सना दुर्बीण किंचित सरकवणं, केलं होतं का?

शततारका

नाही. गायडिंग (ताऱ्याचा माग धरणं) होतं, डिथरिंग बंद ठेवलं होतं, वेळ वाचवायला.

सिलिकॉनवाला

मग त्या फ्लिपने थोडी लाज राखलीय. निम्म्या फ्रेम्स १८० अंशांत फिरल्या, त्यामुळे डार्कचा नॉइझ दोन ठिकाणी वाटला गेला. ग्लोचा कोपराही चित्राच्या एकाच कोपऱ्यात पूर्ण न बसता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत अर्धा अर्धा आला.

पुढच्या वेळी दर दोन-तीन फ्रेम्सना दहा-पंधरा पिक्सेल सरकवा आणि डार्क ५०-६० घ्या. डार्क ढगाळ रात्रीही घेता येतात, त्यासाठी चांगलं आकाश वाया घालवायची गरज नाही.

गुरुत्वमध्य

ढगाळ रात्रीच्या डार्कला माझा विरोध आहे. कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा असेल तर खुशाल घ्या, तिथे उणे १० म्हणजे उणे १०. डीएसएलआरचं तापमान कोण सांभाळणार? डार्क करंट साधारण दर ६-७ अंशांना दुप्पट होतो. ढगाळ रात्र उबदार, निरभ्र रात्र गार. शततारका यांचे उरलेले हॉट पिक्सेल याच कारणाने आहेत बघा : पहिल्या तासात हवा उबदार, डार्क शेवटी, गारठ्यात. डार्कमधले हॉट पिक्सेल लाइट्समधल्यांपेक्षा मंद, म्हणून वजाबाकी अपुरी.

अंधारकोठडी

विरोध अर्धाच मान्य. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एक्झिफमध्ये कॅमेऱ्याचं तापमान लिहिलेलं असतं. सेन्सरचं नव्हे, आतल्या बोर्डाचं, पण तुलनेला पुरतं. वेगवेगळ्या तापमानांच्या डार्क साठवून ठेवा, प्रत्येक लाइटला दोन-तीन अंशांच्या आतला मास्टर लावा. जमतं. कंटाळवाणं आहे, पण जमतं.

कॅमेरा चालू केल्यावरचा पहिला अर्धा तास सेन्सर स्वतःच तापत असतो, त्यातही लाइव्ह व्ह्यूवर फोकस केला असेल तर जास्तच. म्हणून डार्कच्या सुरुवातीच्या काही फ्रेम्स टाकून द्यायच्या. फ्रिजमध्ये ठेवून डार्क घेणारे लोकही आहेत. तिथे बाहेर काढताना दव जमतं, हवाबंद पिशवीशिवाय तो उद्योग करू नका.

रात्रपाळी

तापमान जुळत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये डार्क ऑप्टिमायझेशनची खूण असते की. ती टिचकवा, आपोआप जुळवतं.

सिलिकॉनवाला

नको! ग्लो असलेल्या सेन्सरला तर अजिबात नको.

ते ऑप्टिमायझेशन डार्कला एका आकड्याने गुणतं आणि नॉइझ सर्वांत कमी होईल असा आकडा शोधतं. हा आकडा ठरतो मुख्यतः हॉट पिक्सेलवरून. आता हॉट पिक्सेल तापमानाबरोबर झपाट्याने बदलतात, पण ट्रान्झिस्टरचा उजेड तापमानाला फारसा जुमानत नाही, तो वाढतो वेळेबरोबर. गार डार्कमधले हॉट पिक्सेल पुरेसे व्हावेत म्हणून सॉफ्टवेअरने दीडपट केली, की ग्लोही दीडपट वजा होणार आणि कोपऱ्यात पुन्हा हिरवं भोक. दोन वेगळी दुखणी, एकाच मात्रेने बरी होत नाहीत. ग्लो असेल तर वेळ, आयएसओ आणि तापमान तिन्ही जुळलेली डार्क जशीच्या तशी वजा करायची. उरलेले हॉट पिक्सेल डिथरिंग आणि सिग्मा क्लिपिंगवर (सरासरीपासून फार दूरचे आकडे टाकून देणं) सोडायचे, ते काम त्यांना छान जमतं.

रात्रपाळी

टिचकी मागे घेतली.

नवखा_निरीक्षक

दोन बाळबोध प्रश्न. २४० च्या जागी ६० सेकंदांच्या चौपट फ्रेम्स घेतल्या तर ग्लो कमी होईल ना? आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइझ रिडक्शन चालू ठेवलं तर ही सगळी डार्कची भानगडच संपेल ना?

गुरुत्वमध्य

पहिलं : प्रत्येक फ्रेममध्ये कमी दिसेल, बेरजेत तेवढाच. शततारका यांच्या चाचणीत ग्लो वेळेच्या प्रमाणात वाढला, म्हणजे तो एक्स्पोजर चालू असताना सतत झिरपतोय. चार तासांत जेवढा जमायचा तेवढा जमणार. उलट फ्रेम्स चौपट झाल्या की रीड नॉइझ चार वेळा येतो. फायदा एकच, ग्लोमुळे कोपऱ्यातले तारे लवकर पांढरे फटक होत असतील तर ते वाचतात. ज्या कॅमेऱ्यात ग्लो वेळेच्या प्रमाणात न वाढता ठरावीक वेळेनंतर एकदम उसळतो, तिथे मात्र त्या वेळेच्या आत राहण्याने खरंच फरक पडतो. म्हणून ३०-६०-१२०-२४० ची मालिका घ्यायला सांगितली होती.

दुसरं : ते चालू केलं की प्रत्येक लाइटनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची डार्क घेतो आणि वजा करतो. तापमान अगदी जुळतं, कोपऱ्याची दिशा चुकण्याचा प्रश्न नाही. पण निम्मी रात्र झाकणाखाली जाते, आणि प्रत्येक लाइटमधून *एकच* डार्क वजा होत असल्याने डार्कचा सगळा नॉइझ लाइटमध्ये येतो. चार तासांच्या आकाशाला आठ तास लागणार. ट्रायपॉडवर आकाशगंगेचे दोन-चार फोटो काढायचे असतील तर जरूर वापरा. दुर्बिणीवर नको.

रात्रपाळी

अवांतर, पण राहवत नाही. डी७० च्या काळात याच सोयीची एक गंमत होती. तो कॅमेरा लांब एक्स्पोजरच्या रॉ फाइलवरही मीडियन फिल्टर चालवायचा आणि बारीक तारे हॉट पिक्सेल समजून पुसायचा. लोकांनी शोधून काढलं की नॉइझ रिडक्शन चालू ठेवायचं आणि लाइट झाल्यावर कॅमेरा डार्क घेत असतानाच त्याचं बटण बंद करायचं. बिचारा घाईघाईत न चाळलेली कच्ची फाइल कार्डावर टाकून द्यायचा! याला मोड ३ म्हणायचे. रात्रभर दर फ्रेमला बटण चालू-बंद. आणि त्याही आधी वेबकॅम उघडून, लांब एक्स्पोजरच्या वेळी सेन्सरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पुरवठाच तोडणारी तार जोडणारे महाभाग होते. ग्लोवरचा खरा जालीम उपाय तोच. नंतरच्या कॅमेऱ्यांत उत्पादकांनीच तशी सोय करायला सुरुवात केली.

नवखा_निरीक्षक

म्हणजे नवीन कॅमेरा घेतला की प्रश्न मिटला? कूल्ड बघतोय. थंड केलं की ग्लो जातोच ना?

अंधारकोठडी

थंड केल्याने डार्क करंट जातो. ग्लो जाईलच असं नाही, कारण वर सिलिकॉनवाल्यांनी सांगितलंय. सोनीचे आयएमएक्स१८३ आणि आयएमएक्स२९४ हे सेन्सर असलेल्या कूल्ड कॅमेऱ्यांत उणे २० वरही कडेकडून किरणांसारखा फाकलेला ग्लो दिसतो. मात्र तापमान स्थिर असल्याने जुळत्या डार्कने तो इतका स्वच्छ निघतो की वापरणारे त्याची फारशी पर्वा करत नाहीत. आयएमएक्स५३३, आयएमएक्स५७१ आणि आयएमएक्स४५५ यांत दिसण्याजोगा ग्लो नाही. केवळ ग्लोसाठी निवड करणार असाल तर हे तीन बघा. पण २९४ स्वस्तात मिळत असेल तर ग्लोला घाबरून सोडू नका. त्याच्या फ्लॅट मात्र काही सेकंदांच्या घ्या, अगदी कमी वेळेच्या फ्लॅट तो नीट देत नाही, आणि बायसऐवजी फ्लॅटएवढ्याच वेळाच्या डार्क वापरा.

गुरुत्वमध्य

फ्लॅटचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर वेळी कोणीतरी "फ्लॅटने कोपरा का सुधारला नाही" असं विचारतंच. फ्लॅट भागाकार करते, ग्लो ही बेरीज आहे. ग्लो वजा न करता फ्लॅट लावली तर दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वर कोपऱ्यात व्हिनेटिंग असल्याने तिथे भागाकार लहान आकड्याने होतो. कोपऱ्यात ७० टक्के उजेड पोचत असेल तर उरलेला १०० चा ग्लो १४३ होतो. आधी डार्क, मग फ्लॅट. पार्श्वभूमी सपाट करणारं टूल त्याच्याही नंतर, आणि त्याने ग्लो पुसायचा प्रयत्न केला की तेजोमेघ पुसला जातो, हे शततारका यांनी अनुभवलंच आहे.

शततारका

सगळ्यांच्या सूचना वापरून पुन्हा केलं. ऑप्टिमायझेशनची खूण माझ्याकडे चालूच होती, ती काढली. त्याने कोपऱ्याचा तळ आणखी एक पायरी सपाट झाला. हॉट पिक्सेलसाठी सिग्मा क्लिपिंग थोडं कडक केलं, बहुतेक गेले. फ्लिपमुळे आधीचे आणि नंतरचे हॉट पिक्सेल वेगवेगळ्या जागी पडतात, त्याचाही फायदा झाला असावा.

खरखरीत कोपऱ्यांसाठी क्रॉप. कडेचा साधारण आठवा हिस्सा गेला. घोडा मध्यभागीच आहे आणि अल्निटाक ताराही सुरक्षित आहे, त्यामुळे दुःख नाही. मास्क लावून कोपऱ्यांपुरतं डीनॉइझ करून पाहिलं, पण तिथले बारीक तारे मेणासारखे झाले, ते रद्द केलं.

एकच शंका. बॉडी कॅप आणि फॉइल लावून ५०-६० नव्या डार्क घ्यायच्या तर जुन्या २० टाकून द्यायच्या की त्यांच्यात मिसळायच्या?

अंधारकोठडी

एक्झिफमधलं तापमान दोन-तीन अंशांत असेल तर मिसळा. टॅग तेवढा आधी तपासा.

शततारका

ऑटो रोटेट बंद केलंय. जुन्यांचे टॅग १ आहेतच.

सिलिकॉनवाला

मिसळताना सरासरीत सिग्मा क्लिपिंग चालू ठेवा, डार्कवरही कॉस्मिक किरणांचे ओरखडे येतात.